पुळणीवर बंधारा: सही करू की नको?

माडाखाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. नाव मुद्दाम देत नाही, भावकी इथेही असते. घरामागे माडाची वाडी, वाडीच्या दगडी गडग्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि मग समुद्र. आजोबा सांगायचे, गडग्यापासून पाण्यापर्यंत जाईस्तोवर विडी संपायची. आता काडी पेटवेपर्यंत पाय भिजतात. गेल्या पंधरा वर्षांत समुद्राकडची माडांची अख्खी रांग गेली. तीन माड निसर्ग वादळात एका दुपारी गेले. बाकीचे असेच, दर पावसाळ्यात एखादा. आधी मुळं उघडी पडतात, मग माड वाकतो, मग एक दिवस फोन येतो.

आता गावाला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर व्हायच्या बेतात आहे. दगडाचा, किनाऱ्याच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा. समुद्राला लागून ज्यांच्या जमिनी आहेत त्यांची संमतिपत्रं चुलतभाऊ, म्हणजे दादा, गोळा करतोय. दादा गावातच राहतो, वाडी तोच राखतो. मी पुण्यात. माझा कागद सोडून सगळ्यांचे आलेत.

गोम अशी की त्याच पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात. गेल्या हंगामात नऊ घरटी मिळाली. माझी मुलगी मार्चमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना बघून आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बंधाऱ्याचं कळल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हाला बघायला कासवं हवीत, मला विकायला नारळ हवेत."

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आहे. सही करू की नको?

एकटाजीव
करून टाका. पुण्यात बसून पर्यावरण सोपं असतं. पावसाळ्यात रात्री दोन वाजता उधाणाचं पाणी मागच्या पडवीत येतं ते दादाच्या.

शंकासूर
मुलीचा अबोला दोन दिवस. भावाचा अबोला तीन पिढ्या. हिशेब सोपा आहे :)

बाकी गंभीर प्रश्न. अंडी तशीही उचलून हॅचरीत नेतात ना? मग पुळण राहिली काय, गेली काय, कासवाला काय फरक?

घरटं_क्र_१४
शंकासूर, प्रश्न चांगला आहे, उत्तर देते. मी आमच्या गावी तीन हंगाम पहाटेच्या फेरीला गेले आहे.

मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढून येते. मऊ, कोरडी वाळू लागेपर्यंत चालते, मागच्या पायांनी साधारण दीड फुटाचा खड्डा काढते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून बुजवते आणि परत जाते. पहाटे आम्हाला दिसतात ते फक्त तिच्या चालीचे माग, ट्रॅक्टरचं टायर फिरल्यासारखे. मग घरटं शोधायचं, अंडी बादलीत तशीच्या तशी, उलटीपालटी न करता उचलायची आणि हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. उशीर झाला तर कोल्हे आणि कुत्री आधी पोचतात.

पण हे सगळं ती वर आली तर. समोर दगड लागला की एक तर ती तशीच परत फिरते, नाहीतर दगडाच्या पायथ्याशी ओल्या वाळूत अंडी घालते. पुढच्या उधाणात ती पाण्याखाली. अंडी श्वास घेतात हो, बुडली की संपलं.

आणि हॅचरी हा उपाय नाही, नाइलाज आहे. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, उष्ण वाळूत माद्या जास्त. पंचावन्न दिवस सगळी घरटी एकाच कुंपणात ठेवायची म्हणजे निसर्गाचं काम आपण अंगावर घेणं आहे. आम्ही वर शेडनेट बांधतो आणि देवाला हात जोडतो.

रापणकार
माका कासवाचा फारसा म्हायत नाय, रापणीचा सांगतंय. रापण म्हंजे काठावरसून ओढूचा लांब जाळा, ता ओढूक पुळण व्हयी. धोंड्यार हुबे रवान दोरी ओढूक जमात काय? आणि होडी खंय लावतलास? बंधारो झालो की पयली रापण मरता, मगे होडी मरता, मगे सगळे मुंबैक.

ता कोण इचारणा नाय. बंधाऱ्याच्या कागदार सही जमीनवाल्याची. रापणवाल्याची जमीन खंय आसा? त्येचो तो समुद्र.

एकटाजीव
@रापणकार, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

ओहोटीची_वेळ
निवृत्त स्थापत्य अभियंता. नोकरीची बरीच वर्षं बंदरं आणि बंधारे यांच्या कामांवर गेली, त्यामुळे हा धागा म्हणजे माझं दुखणं. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. पुळण ही जागा नाही, हालचाल आहे. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. लाटा त्या दांड्यावर आधी फुटतात, म्हणजे समुद्र स्वतःच स्वतःला बंधारा घालून घेतो. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. आता गंमत बघा. धुपीचे फोटो कधी काढतात? ऑगस्टमध्ये. अर्ज कधी जातात? ऑगस्टमध्ये. पाहणीला साहेब कधी येतात? त्याच सुमारास. फेब्रुवारीत कोणी पुळण मोजत नाही.

दुसरी गोष्ट. लाट वाळूच्या उतारावर चढते तेव्हा तिचा जोर जिरतो. दगडाच्या भिंतीवर आपटली की जोर जिरत नाही, ती उलटी फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडून नेते. चार-पाच वर्षांत भिंतीपुढची पुळण जाते, पायथा पोकळ होतो, दगड खचतात. मग दुरुस्ती, मग आणखी दगड. रत्नागिरीजवळ मिऱ्याला जाऊन बघा. दर पावसाळ्यात बंधारा खचल्याच्या बातम्या वाचत एक पिढी म्हातारी झाली.

तिसरी गोष्ट, ही कोणी सांगत नाही. बंधारा जिथे संपतो तिथे पुढची जमीन जास्त वेगाने खाल्ली जाते. किनाऱ्यालगत वाळू सरकत असते. मध्ये तुम्ही ती अडवली की पुढच्याला मिळत नाही, वर टोकाला वळलेली लाट तिथेच घुसते. म्हणून एका गावात बंधारा झाला की शेजारच्या गावाची मागणी येते. ती खोटी नसते.

पुदुच्चेरीचं उदाहरण बघा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या, दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी वाळू अडली, शहरासमोरची पुळण गेली आणि तिथे नुसते काळे दगड उरले. पुढे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली बुडवलेला रीफ, म्हणजे लाटा अडवणारा बांध, टाकला, २०१८च्या सुमारास शहरापुढे पुन्हा वाळू दिसू लागली. तीस वर्षांनी पोरांनी पहिल्यांदा आपल्या गावात पाय वाळूत घातले.

तेव्हा माडाखाली, माझा प्रतिप्रश्न: तुमची वाळू जाते कशामुळे? जवळ खाडी आहे का? खाडीत वाळू उपसा चालतो का? जवळपास नवीन जेटी किंवा बंदराची भिंत झाली का? हे न शोधता दगड टाकणं म्हणजे ताप कशाचा आहे ते न बघता गोळी देणं.

शंकासूर
काका, तुम्ही नोकरीत असताना हे साहेबांना सांगितलं होतं का?

ओहोटीची_वेळ
दोनदा. दुसऱ्यांदा बदली झाली.

माडाखाली
खाडी आहे, दीड-दोन किलोमीटरवर. उपसा... रात्री सक्शन पंपाचा आवाज येतो असं दादाच सांगतो. यावर गावात कोण काय बोलणार! ज्यांचे पंप त्यांचेच डंपर दगड आणणार अशी कुजबुज आहे.

एकटाजीव
हा हा हा. वाळू काढायचे पैसे वेगळे, वाळू गेली म्हणून दगड टाकायचे वेगळे. याला म्हणतात चक्रीय अर्थव्यवस्था.

विळीवरची_नजर
आमच्याकडे हेच सुरूच्या झाडांवरून झालं. समुद्र अडेल म्हणून पुळणीवर सुरू लावली. सुरू आपली नव्हे, बाहेरून आणलेली. तिच्या सुयांचा असा थर साचतो की खाली गवताचं पातं उगवत नाही. कासव तर त्या मुळांच्या जाळ्यात खड्डाच काढू शकत नाही. आणि निसर्गच्या दिवशी, ३ जून २०२०ला, सगळ्यात आधी आडवी झाली ती हीच.

आजी म्हणायची, मर्यादवेल आहे तोवर समुद्र येत नाही. जांभळ्या फुलांची ती वेल, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. नावच बघा ना, मर्यादवेल. ती उडती वाळू धरून ठेवते, वाळूची टेकडी वाढते, मागे केवडा, त्यामागे उंडी आणि करंज, मग माड. आम्ही काय केलं? रिसॉर्टला समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट केली.

जाता जाता: पुळण गेली की तिसऱ्यासुद्धा (शिंपल्या हो) जातात. सध्या बाजारात मिळतात त्यांत निम्मी वाळूच असते. कोणी तिसऱ्यांचं सुकं मातीच्या कुंडल्यात करतं का अजून?

घरटं_क्र_१४
करतं की! खोबरं भाजून नाही, ओलंच घालायचं. आणि कोकमं.

रापणकार
कोकमा नको, तिरफळा घाल.

संपादक_मंडळ
तिसऱ्यांसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा. (आणि तिरफळ बांगड्यात. तिसऱ्यांत नाही.)

डच_ओहोटी
रॉटरडॅमजवळ राहतो, मूळ गाव गुहागर. इथे जवळजवळ पाव देश समुद्रसपाटीखाली, पण किनारा राखायला आता शक्यतो वाळूच वापरतात. २०११ साली द हेगच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी आणून टाकली. सँड मोटर म्हणतात त्याला. पुढचं काम वारा आणि लाटांवर सोडलं, त्यांनीच ती किनाऱ्याभर पसरवायची. रविवारी आम्ही तिथे फिरायला जातो, बायको म्हणते हा गुहागरचाच समुद्र, फक्त फ्रिजमध्ये ठेवलेला.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे कबूल. पण डोकं तेच आहे: वाळूला वाळूने अडवा.

आणि गुहागरचा विषय निघालाय तर सांगतोच. २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पट्टीवरचा क्रमांक ०३२३३. पूर्व किनाऱ्यावरून श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर साडेतीन हजार किलोमीटर! आई फोनवर म्हणाली, "बघ, ती आली. तू कधी येतोस?"

शंकासूर
थांबा थांबा. कासव जिथे जन्मतं तिथेच परत येतं असं ऐकलं होतं. ही बाई ओडिशाहून गुहागरला आली म्हणजे तिला पुळणीचं फारसं प्रेम नाही. मग माडाखालींच्या गावात बंधारा झाला तर शेजारच्या गावात जाईल! प्रश्न सुटला.

घरटं_क्र_१४
शेजारचं गावही हेच म्हणतंय. त्याच्या शेजारचंही.

वेळासला २०२२ च्या जानेवारीत पहिल्यांदा उपग्रह टॅग लावला त्या मादीचं नाव प्रथमा ठेवलं होतं. आमच्या गावात लोक रोज विचारायचे, आज प्रथमा कुठवर पोचली? गुजरातकडे गेली म्हटल्यावर एक आजोबा म्हणाले, "व्यापाराला गेली असेल." वीस वर्षांपूर्वी याच आजोबांच्या घरी अंडी उकडून खात होते, हे ते स्वतःच सांगतात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला काम सुरू केलं तेव्हा गावोगाव हीच स्थिती होती. दंडाने नाही बदललं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरात राहायला लागले, जेवणाचे पैसे मिळायला लागले, तसं बदललं. म्हणून दादाला नारळ विरुद्ध कासव असं गणित दिसत असेल तर त्याच्या वाडीत दोन खोल्या का काढत नाही?

एकटाजीव
मार्चमधले दोन आठवडे पाहुणे आणि वर्षभर नारळ, यात तुलना नको. होमस्टे हे सगळ्या दुखण्यांवरचं झंडू बाम झालंय. रस्ता नीट नाही, संडासाला पाणी नाही, आणि पिल्लं बाहेर येणार की नाही ते पिल्लांनाच माहीत. पाहुणे आले, पिल्लू निघालं नाही, तर शिव्या घरवाल्याला.

घरटं_क्र_१४
हे खरं आहे. एकाने आम्हाला पैसे परत मागितले होते. "पिल्लांना थोडं हलवून बघा ना" म्हणाला.

पेडण्याचो_दर्या
गोव्यातून. मोरजीला तेंबवाड्याच्या पुळणीवर आम्ही दुसरंच दुखणं बघतो, उजेड. पिल्लू अंधारात बाहेर येतं आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतं. पूर्वी तो समुद्र असायचा, आता शॅकची ट्यूबलाइट असते. तुमच्या बंधाऱ्याच्या आराखड्यात वर पायवाट, बाकडी आणि दिवे आहेत का ते बघा. बहुतेक असतातच, सुशोभीकरण या नावाखाली. बंधाऱ्यातून वाचलेलं कासव त्या दिव्यात मरतं.

कलम_आणि_पोटकलम
वकील आहे, फुकट सल्ला असा: २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कासवांची घरटी असलेल्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सीआरझेड १-अ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात, येतात. धूप रोखण्याची कामं सरसकट बंद नाहीत, पण परवानगी लागते आणि कागदावर ती जागा काय दाखवली आहे यावर बरंच ठरतं. घरट्यांच्या नोंदी वनखात्याकडे तारखेसह आहेत का? ग्रामसभेच्या इतिवृत्तात ते वाक्य चढवून घ्या. सही करा अथवा नका करू, नोंद मात्र करा.

रापणकार
नोंदीवरना आठावला. २०१८ पासून जाळ्यात गावलेला कासव, देवमासो सोडूक जाळा कापला तर सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देता. फोटो काढूचो लागता, कागद भरूचो लागता. मी एकदा भरलंय. पैसे इले, उशिरान इले, पण इले. आमचे बापाशी कासवाक कुंकू लावन सोडी, तेंका कोणी फोटो इचारलो नाय.

पण पर्ससीनवाले, म्हंजे मोठ्या घेराच्या जाळ्याचे ट्रॉलर, रात्री येवन सगळा पुसून नेतत त्येची भरपाई खंय भरूची? तेंका आवरूचो २०१६ चो नियम आसा, समुद्रात कोणाक दिसना नाय.

शंकासूर
पर्ससीन निघालं म्हणजे धागा आता शंभरी गाठणार.

संपादक_मंडळ
नाही गाठणार. पर्ससीनवर चार धागे आहेत, दोन कुलूपबंद.

माडाखाली
मंडळी, ग्रामसभा झाली. २५ला रात्री पोचलो, आज परत आलो. वृत्तांत देतो.

२६ला पहाटे दादा मला ओहोटीला पुळणीवर घेऊन गेला. मी तुमचे मुद्दे घोकून गेलो होतो, वाळूचा दांडा, पायथ्याची खरवड वगैरे. तो सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? पलीकडच्या गावातला बंधारा मी रोज बघतो. पण मला दुसरं काही कोणी देतंय का? दगड मिळतायत म्हणून दगड मागतोय. वाळू देणार असतील तर वाळू मागतो." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. डच_ओहोटी, तुमचा सँड मोटर मी तिथे काढला नाही. धीर झाला नाही.

सभेत आधी तासभर पाण्याच्या टाकीवर भांडण. मग हा विषय. कोळीवाड्यातल्या बायका उठल्या, त्यांना त्यांच्या बाजूला बंधारा हवाच आहे, तिथे घरं अगदी पाण्याला टेकलीत. पण होड्या लावायला मोकळी जागाही हवी. रापणकारांचा मुद्दा मी मांडला, तर एक म्हातारे तांडेल म्हणाले, "हे पुण्याहून कोणी शिकवलं?" मी म्हटलं, मालवणहून.

शेवटी ठरलं ते असं: कोळीवाडा ते देऊळ एवढ्याच भागात बंधारा, मध्ये होड्यांसाठी उतरण ठेवून. देवळापासून पुढे, जिथे घरटी मिळतात, तिथे नाही. त्या भागात सुरू काढून मर्यादवेल आणि केवडा लावायचा प्रस्ताव पाठवायचा. घरट्यांची नोंद इतिवृत्तात घेतली, वकीलसाहेब आभार. वाळू उपशाचा ठराव मांडायला कोणी सूचकच मिळाला नाही.

एवढ्यावर मी सही केली.

ओहोटीची_वेळ
वाईट नाही, बऱ्याच ग्रामसभांपेक्षा चांगलं. पण एक विचारतो. देवळापाशी बंधारा संपतो. देवळाच्या पुढची पहिली वाडी कोणाची?

माडाखाली
आमची.

ओहोटीची_वेळ
तुम्ही माझं वाचलं होतंत ना? टोकाचं?

माडाखाली
वाचलं होतं काका. दादालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, कोळीवाड्यातली घरं आहेत, आपले माड आहेत. एवढंच. मग त्यानेच पेन दिलं.

शंकासूर
या धाग्यावर मी आता विनोद करणार नाही.

ओहोटीची_वेळ
मग निदान एवढं करा. विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने खूण करा. दर पौर्णिमेला तिथून भरतीच्या रेषेपर्यंत टेप लावून अंतर वहीत लिहा, वर्षभर, फेब्रुवारीतसुद्धा. मुलीला करायला द्या. बंधाऱ्याआधीचा आकडा हातात असला तर पुढे कोणाशी तरी बोलता येईल.

विळीवरची_नजर
मर्यादवेलीच्या काड्या हव्या असतील तर सांगा. पावसाळ्याच्या तोंडावर खोचायच्या, लागतात.

माडाखाली
हो, हव्यात. वहीचं कालच सांगितलं, मुलगी फूटपट्टी घेऊन तयार आहे, टेप आणावी लागेल.

दादाचा आत्ताच फोटो आला. यंदाचं तिसरं घरटं. गडग्याच्या आत सापडलं, गेल्या वर्षी पडलेल्या माडाच्या बुंध्याशी. मादी गडग्याच्या पडक्या भागातून चढून वाडीत आली होती. दादाने रात्रभर कुत्री हाकलली आणि पहाटे हॅचरीवाल्यांना त्यानेच फोन केला. अंडी एकशे सात. फोटोखाली लिहिलंय, "हिचा पण कागद घेऊ का संमतीचा?"